आतून काळं झालेलं खापर

या मंडळी, थोडं पुढं सरकून बसा. मागं भिंतीला टेकून बसलं की निम्मी गोष्ट भिंतच ऐकून घेते, आणि आजची गोष्ट भिंतीबद्दलच आहे, तिला कशाला ऐकवायची! पेटीवाल्यानं सूर धरला आहे, टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. कीर्तनात आधी निरूपण होतं, मग आख्यान लागतं. आज निरूपणाला बगल देऊ आणि थेट आख्यानात शिरू. त्यात एक नायक आहे, त्याची बहीण आहे, आणि सात समुद्रांपलीकडच्या एका गावाचा अडीच हजार वर्षं जुना उकिरडा आहे. उकिरडा म्हटल्यावर नाक मुरडू नका. देवाला काही वर्ज्य नाही, मग आपल्यालाच कशाला असावं?

भावसिंग राठोड हा दारव्हा तालुक्यातल्या बंजाऱ्यांच्या वरच्या तांड्याचा नायक, म्हणजे प्रमुख. त्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरत. बैल गेले, फिरणं गेलं, टेकडीच्या उतारावर कापूस आणि तूर आली. नायकी तेवढी राहिली. होळी कधी पेटवायची, कोणाच्या अंगणात आधी जायचं, भांडणात आधी कोणी गप्प बसायचं, हे अजून भावसिंगच सांगे. माणूस मनानं मऊ. दारव्ह्याला सप्ताह बसला की सगळ्यांच्या आधी जाऊन पुढची जागा धरायचा आणि बुवांनी आख्यानात कोणाला वनवासाला धाडलं की उपरण्याच्या टोकानं डोळे पुसायचा. पण खालच्या तांड्याचं नाव निघालं की हाच माणूस असा बदले की ओळखू येऊ नये. तिकडून वारा आला तरी तो आधी हुंगून पाही.

त्या माघात तो खळ्यावर तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, भरत होता. सोबत रामधन, त्याचा लहानपणचा जोडीदार. याची जीभ हातापेक्षा जास्त चाले. तेवढ्यात खालून काळीपिवळी जीप आली. ती बादल पवारची, म्हणजे खालच्या तांड्याची. वरच्या तांड्याची माणसं एक गाडी सोडतील, उन्हात उभी राहतील, पण तिच्यात बसायची नाहीत.

"नायक, पाह्य तं," रामधन म्हणाला. "बादलच्या गाडीतून कोन उतरून राह्यलं."

"पोरगी हाये."

"पोरगी हाये ते मलेबी दिसते बाप्पा. तिच्या खांद्यावर मोजाचा टेप काहून हाये, ते इचारतो मी."

ती सरळ खळ्यावर आली. चप्पल काढून उभी राहिली. "नमस्कार नायककाका. मी मिताली. यवतमाळची. जुन्या तांड्याच्या जागेवर थोडं काम करायचं आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय तिथं पाऊल ठेवायचं नाही, असं ठरवून आले."

"गुप्तधन शोधता का?" रामधननं डोळे बारीक केले.

"नाही हो. उकिरडा शोधते."

रामधन खदखदून हसला. भावसिंग हसला नाही. यवतमाळहून उन्हात जीपनं येऊन कोणी उकिरडा शोधतो म्हणालं, तर त्या उकिरड्याखाली काहीतरी असणारच, असं त्याला वाटलं.

"बाप काय करते तुया?"

"नीळकंठ त्यांचं नाव. जमीन मोजणीच्या ऑफिसात होते. आता घरीच असतात."

रामधनचं कोपर भावसिंगच्या बरगडीत गेलं. पण भावसिंगला त्या नावात दुसरंच काही ऐकू आलं होतं. "सप्ताहात पेटीवर बसतेत ते नीळकंठराव?"

"तेच. तुम्ही ओळखता?"

आता आली का पंचाईत! पेटीवाल्याच्या लेकीला नाही म्हणवेना, आणि मोजणीवाल्याच्या लेकीवर विश्वास बसेना. दोन्ही लेकी एकच. भावसिंगनं तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाला, "सांग. सारं सांग. जे नाई सांगशीन ते मी शोधून काढीन."

मिताली सांगू लागली. ती परदेशातल्या एका जुन्या गावाचा अभ्यास करत होती. गाव बायबलच्या काळातलं. हा शब्द ऐकल्याबरोबर रामधन उठूनच बसला. "आमचा धरम बदलाले आली का वो तू?"

"काका, मला माझीच संध्याकाळची दिवाबत्ती रोज आठवत नाही. तुमचं काय बदलणार मी?"

मग तिनं गोष्ट सांगितली, आणि आख्यानाला चटावलेला भावसिंगचा कान आपोआप तिकडं वळला. तिकडच्या एका राज्यावर मोठ्या राजानं स्वारी केली. देवाचं घर जाळलं, मानाची माणसं कैद करून दूर देशी नेली. गरीब तिथंच राहिले, पडक्या घरात राहून शेत कसत राहिले. पुढं नेलेल्यांची नातवंडं परत आली. आली ती म्हणाली, खरे आम्हीच, तुम्ही बाटलेले. राहिलेले म्हणाले, ही माती आम्ही सांभाळली, तुम्ही कोण? देव एक, बोली एक, पीठ एक. तरी सोयरिका मोडल्या, भिंती उठल्या.

"मंग?" भावसिंग विचारून बसला, आणि विचारल्याचा त्याला राग आला.

"मग परत आलेल्यांनी पोथी लिहिली, काका. राहिलेल्यांनी काही लिहिलं नाही. त्यांचं म्हणणं ऐकायचं तर त्यांची चूल आणि त्यांचा उकिरडा वाचावा लागतो. पण भांडलेल्या माणसांचा उकिरडा कसा दिसतो, हेच आम्हाला नीट माहीत नाही. तिथली माणसं विचारायला उरली नाहीत. तुमचाही एक तांडा होता, त्याचे दोन झाले. आणि तुम्ही आहात."

"आमचं तुले कोनं सांगतलं?"

"बादलदादांनी."

झालं. भावसिंगच्या मनात जे दार थोडं उघडलं होतं, ते धाडकन बंद झालं.

ते दार का बंद झालं, ते आता सांगायला हवं. पूर्वी तांडा एकच होता, नाल्याच्या काठी. भावसिंगचा बाप देवीलाल तेव्हा नायक. भावसिंगची धाकटी बहीण जमनी तिथल्याच पवारांकडे दिलेली, मागच्याच घरात. त्या साली तरणी माणसं सगळी कालव्याच्या पाटाच्या कामावर लांब गेली होती, भावसिंगही गेला. परत येताना त्यानं बहिणीसाठी लाल ओढणी आणली. येऊन पाहतो तर तांड्याच्या मधोमध दगडाची भिंत. बाप म्हणाला, "पवारांनी बांधली. आमचे बैल मारले आन आमालेच बाहेर काढलं." भावसिंग तरी ओढणी घेऊन वळसा घालून जमनीच्या दारात गेला. सासू म्हणाली, ती घरात नाही. बहीण बाहेर आली नाही. त्यानं ओढणी अंगणात टाकली आणि तोंड फिरवलं. पुढं राठोड वर सरकले, पवार खाली, जुनी जागा ओस पडली. राहिली ती भिंत. भाऊ-बहीण एका बाजारात भाजी घेत, एकमेकांच्या सावलीला सुद्धा चुकवून. देवीलाल वारला तेव्हा मरताना त्याचा हात भावसिंगच्या हातात होता. बापाचा शब्द त्यानं देव्हाऱ्यातल्या दिव्यासारखा जपला: भिंत त्यांची.

आता ही पोरगी त्या भिंतीशी जाऊन बसणार, आणि तिला आणणारा बादल, जमनीचाच मुलगा. यात काही नाही असं कोण म्हणेल?

भावसिंगनं अट घातली. कुदळ लावायची नाही. झाडायचं, मोजायचं, वर दिसेल तेच उचलायचं. आणि ती काम करील तोवर तो स्वतः तिथं बसणार.

"बसा की!" मिताली इतकी खूश झाली की त्याचा संशय आणखी वाढला.

पळस तेव्हा पेटला होता. त्या झाडाखाली दगडावर बसून भावसिंग पहारा देई. पोरगी सुतळीनं चौकोन आखे, कुंच्यानं माती झाडी, आणि फुटक्या बांगड्या, कवड्या, आरशांचे तुकडे, खापरं पिशव्यांत भरी. भिंतीच्या अलीकडच्या वेगळ्या, पलीकडच्या वेगळ्या. दुपारी बिजलीबाई भाकरी घेऊन येई. बिजलीबाई म्हणजे भावसिंगची बायको. अख्ख्या तांड्यात तिच्याइतकी बोलकी बाई नाही. पण इथं ती पोरीशी हळू आवाजात काही बोले आणि नवरा जवळ आला की भाकरीवर ठेचा वाढायला लागे. आता घरातलंच माणूस हळू बोलायला लागलं, तर पहारा कुठं कुठं द्यायचा?

एकदा मितालीनं दोन पिशव्या त्याच्यापुढं ठेवल्या. "काका, ओळखा. कोणती तुमच्या बाजूची, कोणती त्यांच्या?"

"त्यात काय वळखाचं? हे त्यायचं." त्यानं एकीवर बोट ठेवलं. "असल्या जाड बांगड्या आमच्या बाया घालतच नव्हत्या. पवारांच्या बाया घालत. दिखाऊपना सारा."

तिनं पिशवीवरची चिठ्ठी त्याच्याकडं वळवली. पिशवी त्याच्याच जुन्या अंगणातली होती.

"चिठ्ठी बदलली असंल," रामधन लगेच म्हणाला. तोही आता पहाऱ्याला येऊ लागला होता. भाकरी चांगली असे.

मिताली रागावली नाही. "आमच्या शास्त्रात एक विचार आहे, काका. माणसं अगदी वेगळी असली की भिंत लागत नाही. कोण कुठला ते दिसतंच. दोन सारखी माणसं वेगळी व्हायला निघाली की मग भिंत लागते. आणि भिंत उभी राहिली की ती का बांधली याची गोष्ट लागते. पुष्कळदा भिंत आधी येते, गोष्ट मागून."

"म्हंजे माहा बाप खोटं बोलला?"

"मी तुमच्या वडिलांचं नावसुद्धा घेतलं नाही, काका."

खरंच घेतलं नव्हतं. भावसिंगनं स्वतःच घेतलं होतं. तो उठून लांब जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पलीकडून आवाज आला, "मामा." बादल उभा होता, डोक्यावरची टोपी हातात घेऊन. "माह्या पोराची, आयुषची, या होळीले धुंड हाये. याडीनं सांगाले धाडलं." याडी म्हणजे आई, जमनी.

धुंड म्हणजे तांड्याची फार गोड रीत. वर्षात मुलगा जन्मला की होळीच्या सकाळी तरणी पोरं काठ्या वाजवत त्याच्या दारात येतात, गाणी म्हणून त्याला तांड्यात घेतात. या दोन्ही तांड्यांत पोराला त्या वेळी मामानं मांडीवर घ्यायचं. आयुषच्या आईला, रंजिताला, भाऊ नव्हता. तेव्हा मान आजीच्या भावाचा. बादलच्या स्वतःच्या धुंडीला मामा आला नव्हता. मांडीच्या जागी लाकडाचा पाट ठेवला होता.

"याडी म्हंते, येत असान तं सांगा," बादल म्हणाला. "नाई तं पाट घासून ठेवतो."

भावसिंग आपल्या दगडावर जाऊन बसला. त्याचं मन मात्र धडाधड चालत होतं. आधी पोरगी पाठवली. आता पोराचं निमित्त. दोन्ही मिळून मला बापाच्या शब्दावरून खाली ओढतात. त्याला तो पाटही दिसत होता, तेच वाईट.

त्याच दुपारी मितालीनं त्याला भिंतीशी बोलावलं. "हे बघा, दुसऱ्याला अडवायला कोणी भिंत बांधतो तेव्हा आपल्या अंगाला ती सरळ करतो, पलीकडे दगड कसेही राहतात. ही दोन्ही अंगांनी सरळ आहे. दगड फोडल्याच्या कपच्या दोन्हीकडे पडल्यात. माझा अंदाज, दोन्हीकडून माणसं उभी राहिली आणि मिळून बांधली. पण अंदाजच. पक्कं सांगायला काही हवं."

तिनं पाठ वळवली, आणि भावसिंगला ते पक्कं दिसलं. भिंतीच्या कोपऱ्यात, अगदी पायथ्याला, माती झाडलेल्या जागी पांढरी गारगोटी. देवीलालची सवय होती: ओटा असो, गोठा असो, हातातलं काम सुरू करताना पहिल्या दगडाखाली गारगोटी ठेवायची, हात जोडायचे, मग दुसरा दगड. दुसरा कोणी असं करत नसे. घरच्या ओट्याखाली होती, विहिरीच्या काठाखाली होती. इथंही होती.

भावसिंगनं इकडं तिकडं पाहिलं. मग हळूच पायानं माती लोटली आणि गारगोटीवर चप्पल ठेवून उभा राहिला. ज्यानं पहारा बसवला होता, तोच आता चोरून काही झाकत होता. मिताली वळली, त्याच्या पायाकडं पाहिलं आणि पुन्हा कपच्या मोजू लागली. तिला दिसलं की नाही, हे त्याला कळेना. त्या दिवसापासून तो तिच्या पाहण्याकडं पाहू लागला.

होळी दोन-चार दिवसांवर आली. मिताली आवरायला लागली होती. जाता जाता तिनं उपरण्याएवढं कापड पसरलं आणि त्यावर काही खापरं मांडली.

"हे एक कोडं राहिलं, काका. मडकं चुलीवर बाहेरून काळं होतं. ही खापरं आतून काळी आहेत, बाहेरून लालच. भिंतीच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना सापडली. आणि गंमत अशी, त्या परदेशच्या गावातही अशीच मिळाली आहेत, भांडणाऱ्या दोन्ही आळ्यांच्या मध्ये. आमचे सर म्हणतात, एका आळीनं दुसरी जाळली त्याची ही खूण."

"जाळलं असतं तं आतून बाहेरून सारखंच काळं झालं असतं," भावसिंग फणकाऱ्यानं म्हणाला. शिकल्या माणसाला एवढं कळू नये याचं त्याला बरंच वाटलं असावं. "हे तं इस्तवाचं खापर हाये. काडी ओली झाली, चूल इझली, का शेजारनीच्या चुलीतून खापरात दोन निखारे घ्याचे आन पदराआड धरून..."

तो थांबला.

मितालीनं एक खापर उचलून आत पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढं ते लांबचं गाव असावं. त्या दोन आळ्या, ज्या एकमेकींना जाळत होत्या असं पुस्तकं म्हणत होती. भावसिंगपुढं मात्र दुसरंच उभं राहिलं.

"भिंतीच्या आधीचं असंल हे," तो घाईनं म्हणाला.

"नाही काका. भिंतीला लिंपलेली माती खाली ओघळली आहे, ती तळाशी आहे. खापरं तिच्या वर पडली. भिंत झाल्यावरची आहेत."

त्यानं वाकून पाहिलं. भिंतीच्या पायथ्याशी हातभर भोक होतं. पाणी जायला ठेवलं असेल, असं तो आजवर समजत आला होता. आत बोट घातलं. बोट काळं झालं. भोकाच्या पलीकडं जमनीचं जुनं घर. अलीकडं त्याची स्वतःची चूल.

तो तसाच घरी आला. हात धुतले नाहीत. बिजलीबाई भाकरी थापत होती.

"बिजले, त्या भोकातून इस्तव कोन देत होतं?"

तिचा हात थांबला नाही. "घेत कोन होतं, ते नाई इचारत?"

"तुयी चूल होती तिथं."

"चूल माही होती, हातबी माहाच होता." तिनं मनगट पुढं केलं. तिथं जुना भाजल्याचा डाग होता. कढईतलं तेल उडालं, असं तिनं त्याला सांगितलं होतं आणि त्यानं कधी पुन्हा पाहिलं नव्हतं. "कधी मी देत होती, कधी जमनी. पावसाची झड लागली, काड्या वल्ल्या, चुली थंड्या. पोराबाळायनं काय भिंत खावं?"

"आन भिंत?"

आता मात्र तिनं भाकरी बाजूला ठेवली. "ढोरायले खुरकुत लागली होती. तुमी पाटाच्या कामावर होते. तुमचे बापू आन जमनीचा सासरा, दोघायनं एका खाटेवर बसून ठरवलं: आजारी ढोरं एकीकडं, चांगली एकीकडं, मधात भिंत. बाया-म्हातारे सारेच दगड वाहून राह्यलो होतो. बापू इकून दगड लावत, ते तिकून. रोग गेला का भिंत पाडू म्हनले. मंग आमचे बैल मेले. मंग त्यायचे मेले. हे म्हनत तुमी आजार लपवला, ते म्हनत तुमी. जेच्यासाठी भिंत बांधली ते ढोरंच राह्यले नाई, भांडन राह्यलं."

"मले काहून नाई सांगतलं?"

"बापूनं आन घातली होती मले."

"बापू गेल्यावर?"

"तवा तुमी बापूहून कडक झालते." तिनं पिठाचे हात पुसले. "आन तुमी ओढनी घेऊन तिच्या म्होरल्या दारात गेलते. मीच तिले सांगतलं होतं, तुया भाऊ आला का भोकाशी बस, मी त्याले तिथं आनतो. बिचारी तिथं बसून राह्यली. तुमी दारातून परत आले ते असे का मले तोंड उघडू देल्लं नाई. आताबी त्या पोरीजवळ तिचीच खुशाली इचारत होती मी, हळूच."

भावसिंगनं काळं झालेलं बोट चुलीच्या उजेडात धरलं. मग म्हणाला, "पायथ्याले बापूची गारगोटी हाये. मी पाह्यली. वर पाय ठेवून उभा राह्यलो."

"मंग उचला पाय," बिजलीबाई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं मितालीला त्या कोपऱ्यात नेलं आणि स्वतःच्या हातानं माती बाजूला केली. गारगोटी कोणाची, ते सांगितलं. तिनं फोटो काढला, मोजलं, आणि म्हणाली, "मला वाटलंच होतं, तुमच्या पायाखाली काहीतरी आहे. पण ते तुम्ही दाखवायचं होतं." भावसिंगला तिचा पुन्हा संशय आला: इतकी हुशार पोरगी आणखी काय काय पाहून गप्प असेल?

तांड्यात होळी पहाटे पेटते. वरच्या तांड्यानं होळी पेटवली, नाच झाला, लाकडं बसली. झुंजूमुंजू झालं तेव्हा भावसिंगनं एक खापर घेतलं, होळीतले निखारे त्यात उचलले, वर राख घातली आणि टेकडी उतरू लागला. बिजलीबाई मागं.

"नायक, कोनाचं घर पेटवाले चालले सकायी सकायी?" रामधन ओरडला.

"तू ये मांगं. नाई तं दुपारपर्यंत चार गोष्टी बनवशीन."

खालच्या तांड्यात काठ्या वाजत होत्या. नायक दिसला तसा आवाज बंद पडला. एक म्हातारा उठला, दोन तरण्यांनी काठ्या घट्ट धरल्या. शत्रूच्या तांड्याचा नायक हातात विस्तव घेऊन येतो, हे पाहून कोणाला काय वाटेल? संशय काही वरच्याच तांड्यात पिकत नव्हता. भावसिंगला त्या नजरा ओळखीच्या वाटल्या. अशीच नजर त्यानं महिनाभर त्या पोरीवर धरली होती.

जमनी उंबऱ्यात उभी होती. पांढरे केस, मोठं कुंकू. अंगणात घासलेला पाट मांडलेला.

ती त्याच्याकडं पाहत राहिली, मग खापराकडं. "भिया, माही चूल इझून जमाना झाला. आता आनला इस्तव?"

"भोक सापडत नव्हतं वो," भावसिंग म्हणाला.

जमनी हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांना पदर लागला. बिजलीबाईनं सगळ्यांदेखत तिचा हात धरला. इतकी वर्षं भिंतीआडून धरत होती, आता उजेडात.

भावसिंग वळून त्या काठ्यांकडं बघून बोलला. नायकाचा आवाज होता. "भिंत तुमी बांधली असं मी आजवर सांगत आलो. माह्या बापानंबी बांधली. त्याची गारगोटी तिथं हाये, ज्याले पाह्याची त्यानं जाऊन पाहा. आता ज्याले काठी माराची त्यानं मारा, नाई तं पोरगं द्या मांडीवर."

उठलेला म्हातारा खाली बसला. मग बादलनं पाट उचलून भिंतीला उभा केला, आणि रंजितानं आयुषला आणून भावसिंगच्या मांडीवर ठेवलं. पोरानं पहिल्यांदा त्याच्या मिशा धरल्या. "तुमची नायकी हातात घेतली त्यानं," रामधन म्हणाला, आणि तेव्हा कुठं हशा पिकला, काठ्या पुन्हा वाजू लागल्या. खापरातला विस्तव जमनीनं चुलीत घातला. गॅस होता घरात. पण त्या दिवशी गॅसला कोणी हात लावला नाही.

मिताली निघाली तेव्हा भावसिंग जीपपर्यंत गेला. "आमचं नाव नको घालू तुया त्या पुस्तकात."

"नाही घालणार."

"बिजलीचं घाल," तो म्हणाला. "आन तुया सरांना सांग, ते गाव कोनी जाळलं नसंल. निदान त्या खापरायनं तरी नाई."

"पुरावा पुरेसा नाही अजून," मिताली म्हणाली. "पण मी विचारेन."

मंडळी, आख्यान संपलं. देव पोथीत आहे, तसा तो पोथीनं सोडून दिलेल्या माणसांतही आहे, हे तुम्हाला मी काय सांगायचं! एवढंच मागणं आहे: उद्या सकाळी चहाला गॅस पेटवाल, तेव्हा त्या लांबच्या गावातल्या एका बाईची आठवण ठेवा. तिचं नाव कोणी लिहिलं नाही. भिंतीपलीकडची बाई आपली नाही असं तिला रोज सांगत असतील, आणि ती पदराआड खापर धरून, बोटं भाजून घेत, विस्तव देऊन येत असेल. तिची आठवण ठेवा.